डोंगराखालचं जोतं

तुम्ही ओव्हरसियर होतात, म्हणजे काय काय बांधलंत, असं लोक मला विचारतात. पूल? शाळा? मी सांगतो, बांधलं काहीच नाही. लोकांना बांधू दिलं नाही, हीच माझी कामगिरी. अर्ध्या मावळानं मला शिव्या दिल्या आहेत आणि उरलेल्या अर्ध्यानं दिल्या नाहीत, त्याचं कारण एवढंच की तिथवर मी पोचलो नाही.

गोष्ट साठीच्या दशकातली. पवनेचं धरण तेव्हा नकाशातच होतं आणि लोणावळ्यात बंगलेवाल्यांपेक्षा माकडं जास्त होती. त्या वर्षी मे सरता सरता समुद्रावरून वादळ आलं. त्यानं कोकणात थांबावं की नाही? पण ते घाट चढून वर आलं. वारा असा की कुसगावातल्या एका घराचा पत्रा उडाला तो थेट कामशेतच्या बाजारात उतरला, आणि त्या पत्र्यावर अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी जागची हललेली नव्हती. मालक चौकशी करत पत्रा न्यायला आला तेव्हा पिल्लं निघाली होती. हे मी कचेरीत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही. त्याच वादळात एक घर आतल्या म्हातारीसकट ओढ्यात गेलं, हे सांगितलं, तर लगेच बसला. तेव्हापासून मी एक रीत पाळली आहे. खरं सांगायच्या आधी एक थाप मारायची. ऐकणाऱ्याचं अंग जरा सैल होतं, मग खरं सोसतं.

सरकारनं घरदुरुस्तीला मदत जाहीर केली. कौलं, वासे, पत्रे, वर मजुरीला थोडं काही. पण त्यासोबत एक अट आली. ज्या जागेवर हे घर पुन्हा उभं राहणार, ती जागा आधी कुणीतरी जाऊन पाहायची. घर नाही, जागा. ओढ्याचं पाणी तिथं शिरतं का, वरचा डोंगर धोक्याचा आहे का, ती जंगलखात्याच्या हद्दीत जाते का, लेण्यांच्या हद्दीला लागते का, उद्या धरणाखाली किंवा रेल्वेखाली जायची आहे का. सगळ्याला नाही असं उत्तर आलं तरच मदत. कारण उघड होतं. सरकारी कौलांनी शाकारलेलं घर पुढच्या पावसात माणसांसकट वाहून गेलं तर पाप सरकारच्या नावावर. आणि आणखी एक कलम: पाहणी होईपर्यंत पडक्या घराला हात लावायचा नाही. लावला तर मदत बाद.

हे पाहणारा मी, आणि टेपचं दुसरं टोक धरणारे कासमभाई. कासमभाई कामशेतचे. कचेरीतले सगळ्यांत जुने शिपाई, वयानं माझ्याहून बरेच मोठे, आणि तोंडानं माझ्याहून फटकळ. ते म्हणायचे, "साहेब, टेप बघून लोकांना वाटतं शिंपी आला, आता कपडे मिळणार. आपण नुसती मापं घेऊन जातो."

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली की विचारू नका. लोणावळ्यातल्या एका शेठजींनी बंगल्याच्या पोर्चचं छत उडालं म्हणून अर्ज केला आणि गरिबी दिसावी म्हणून गड्याच्या खोलीत जाऊन बसले. गड्याचं धोतरसुद्धा नेसले होते. बोटातली अंगठी काढायची तेवढी राहिली. कामशेतकडच्या एकानं आम्ही यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या दोन भिंती स्वतः ढकलून दिल्या, जास्त नुकसान दिसावं म्हणून, आणि भिंत पडली ती नेमकी त्याच्या बैलावर. तो रडत होता ते बैलासाठी, आणि आम्हाला वाटलं मदतीसाठी.

पण सगळी गिऱ्हाइकं अशी नव्हती. कान्हे गावाच्या अंगाला एका घरी गेलो. छप्पर आणि एक भिंत आत बसली होती. घरधनी, त्याची बायको, त्याचे भाऊ, सगळे अंगणातल्या चिंचेखाली ओळीनं बसलेले. पाऊस सुरू झाला होता. घर कालच पडल्यासारखं जसंच्या तसं होतं. मी म्हटलं, आतलं सामान तरी काढायचं. तो म्हणाला, "दवंडी दिलती न्हवं, हात लावू नगा म्हनून." ढिगाऱ्याच्या कडेनं हिरवंगार काहीतरी वर आलं होतं. मला गवत वाटलं. कासमभाई वाकले आणि उठताना नुसते माझ्याकडे बघत राहिले. बियाण्याची कणगी भिंतीखाली होती. पेरायचं भात भिजून तिथंच उगवलं होतं. हाताच्या अंतरावर बियाणं आणि माणसं हुकूम पाळत बसलेली. घर दुरुस्त करायला हात लावू नका, हा आमचा अर्थ. कशालाच हात लावू नका, हा त्यांचा. त्यांची जागा मी मंजूर केली, कौलं मिळाली, घर झालं. पेरायला त्या वर्षी काही नव्हतं.

आता ज्या जागेसाठी हे लिहायला बसलो, तिकडे येतो.

कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. दहाबारा घरं, पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातच राहिलेली माणसं. त्यात सगळ्यांत वरचं घर ठकूमावशीचं. नवरा वारलेला, मुलगा मारुती आणि सून हाताशी. वादळानं छप्पर नेलं, भिंती नेल्या, पण जोतं मात्र असं की त्यावर हत्ती नाचवावा. काळ्या दगडाचं, कंबरभर उंच, नवऱ्यानं आणि सासऱ्यानं मिळून रचलेलं. मावशीनं ते सारवून ठेवलं होतं. वर आभाळ, चारी बाजूंना काही नाही, आणि मध्ये सारवलेली जमीन.

मी जोत्याकडे न बघता वर बघितलं. जोत्यामागचा चढ सरळ अंगावर आलेला. त्यावरची झाडं बुंध्यापाशी वाकून मग वर गेलेली. झाड असं वाढतं ते पायाखालची माती हळूहळू सरकत असेल तर. आम्ही वर माचीवर, डोंगराच्या सपाट टप्प्यावर गेलो. तिथं गवतात एक भेग होती. मी काठी घातली, काठी गेली. हात घातला, खांद्यापर्यंत गेला. कासमभाईंनी माझे पाय धरले नसते तर मी खोपोलीच्या बाजारात निघालो असतो. ही थाप आहे, पण भेगेतून खाली पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, ती थाप नाही.

खाली आलो आणि मावशीला सांगितलं की या जागेला मदत नाही. इथं घर बांधू नको.

मावशीनं विचारलं, "का?"

"डोंगर सुटलाय."

ती हसली. सून पण हसली. मावशी म्हणाली, "माज्या सासऱ्याच्या आदीपासनं ह्यो डोंगर हितंच हाय, सायेब. त्यो कुटं जातुया?"

मी म्हटलं, "मावशी, तो जात नाही. येतोय."

त्यावर कुणी हसलं नाही. मारुती मात्र भडकला. म्हणाला, घर द्यायचं नसेल तर सरळ सांगा, डोंगराची बदनामी कशाला करता. त्या दिवशी वाडीतून उतरताना आमच्यामागे कुत्री सोडली होती की ती आपण होऊन आली, हे अजून कळलेलं नाही. कासमभाई पुढे पळाले, मी मागे. टेप तेवढा सरकारी शिस्तीत मधोमध ताणलेला.

नाही म्हणून मोकळं होणं सोपं होतं. नियम तेवढाच होता. पण नाही म्हटल्यावर माणसं हवेत राहत नाहीत, हे मला कासमभाईंनी सुनावलं. म्हणून मी मावशीसाठी दुसरी जागा शोधायला निघालो. वर सरकलो तर जंगलखात्याची हद्द. डावीकडे लेण्यांच्या हद्दीचा दगड. उजवीकडे रेल्वेची जमीन. खाली उतरलो तर धरणाच्या मोजणीवाल्यांनी खुंट्या मारलेल्या. एके ठिकाणी मला एक छान सपाटी दिसली, तर तिथं म्हशी बसल्या होत्या आणि त्या म्हशींच्या मालकानं सांगितलं की ही आमच्या म्हशींची पिढीजात जागा आहे. एवढ्या मोठ्या मावळात जिच्यावर कुणाचाच दावा नाही अशी एकच जागा होती; जिथं डोंगर पडणार होता ती.

अखेर ओढ्यापलीकडे गायरानाचा एक कोपरा निघाला. खडकाळ, उजाड, पाणी लांब, पण डोंगर दूर. मामलेदारांची सही आणायला मला चार वेळा वडगावला जावं लागलं. मामलेदार सज्जन माणूस, चष्मा कायम नाकाच्या टोकावर, आणि नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर आधी नियमाला विचारणारा. पण त्यांनी दिली सही.

मावशी हलायला तयार झाली ती एका अटीवर. त्यांच्यात अशी रीत, की घर सोडून गेलं तरी जुन्या जोत्यावर तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे. तिथं जगून गेलेली माणसं तिथंच असतात. त्यांना अंधारात ठेवलं तर ती नव्या घराची वाट शोधत येतात, आणि चांगल्या मनानं येत नाहीत. मी म्हटलं, मावशी, दिवा लाव, पण लावून परत फिर. तिथं टेकू नकोस. दिव्याला मंजुरी लागते असं नियमात कुठं नव्हतं.

नव्या घराच्या कामाला काळू आणि त्याची बायको बायडी आले. कधी जंगलात कोळसा पाडायचा, कधी दगड वाहायचे, अशी मजुरी करणारी माणसं. काळूचा म्हातारा बाप बरोबर. त्यांची खोप वादळानं नेली होती. पण खोपीला घर म्हणत नाहीत, कुठल्या दप्तरात ती नसते, म्हणून मदतीच्या यादीत ते नव्हते. काळू कामाला राक्षस. एका खांद्यावर तुळई आणि दुसऱ्या खांद्यावर बाप, असा ओढा ओलांडताना मी त्याला पाहिलाय, आणि तुम्हाला पटो न पटो, हे जसं पाहिलं तसं सांगतोय.

घर झालं. मावशी रोज तिन्हीसांजेला ओढा ओलांडून वर जायची, दिवा लावायची, परत यायची. पावसाचा जोर वाढला, ओढा फुगला, तिचे गुडघे बोलायला लागले. सून भ्यायची. मारुती म्हणायचा, सोड आता. एक दिवस काळू मला कामशेतच्या रस्त्यावर भेटला. माझी सायकल थांबवून म्हणाला, "सायेब, मावशी म्हनती जुन्या जोत्यावर खोप घाला आन्‌ ऱ्हावा. तेवडा दिवा लावत जा. ऱ्हाऊ का?"

मी म्हटलं, "नको. तो डोंगर येणार आहे."

"कंदी?"

"ते नाही सांगता येत."

"मग तवर ऱ्हातो की," असं म्हणून तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं पण हसू आवरलं आणि शांतपणे विचारलं, "आमाला तुमी काय देनार हाय का? कौलं, पत्रं?"

"नाही. तुमचं नाव नाही."

"मग आमाला तुमची परवानगी कशापाई लागती?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक गोष्ट असते. त्या दिवशी मी नुसती सायकलची घंटी वाजवली.

मी तसाच वडगावला गेलो आणि मामलेदारांना सगळं सांगितलं. वरच्या जोत्यावर माणसं राहायला चालली आहेत, त्यांना अडवा, त्यांना पण कुठंतरी तुकडा द्या. मामलेदारांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तुमचं काम मदतीच्या जागा पाहायचं. त्यांना मदत आहे?"

"नाही."

"मग त्यांची जागा पाहायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

हे ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले. तालुक्यात अशी खोपीतली माणसं इतकी होती, की एकाची जागा पाहायची तर सगळ्यांची पाहावी लागली असती. सरकारी कौल जिथं जाणार तिथंच सरकारी डोळा जायचा. जिथं सरकार काहीच देत नाही तिथं डोंगर कोसळला तर तो नुसता डोंगर.

मी काळूला आणखी दोनदा सांगितलं. बायडीला भेगेपाशी नेऊन ती दाखवली. तिनं आत डोकावलं, ओढणीसारखा पदर डोक्यावर घट्ट केला आणि म्हणाली, खाली ओढ्यात पाणी, वर जंगलात राखणदार, मग आमी कुटं जावं ते तुमी सांगा. पहिला पावसाळा गेला. काही झालं नाही. वाडीत लोक मला बघून डोंगराला हात जोडायला लागले आणि म्हणायला लागले, आला का रं डोंगर अजून? मीही हसायचो. मनातून वाटायचं, खोटा ठरलो तर बरं. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, ही एक थाप ठरावी असं मी पहिल्यांदाच मागितलं.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या आधी, सतत कोसळत होतं. मावळातला तो पाऊस म्हणजे दिवस उजाडतच नाही. सकाळी कंदील लावून भाकऱ्या भाजायच्या. अशाच एका सकाळी डोंगर आला. मारुती सांगत होता की आवाज मोठा झालाच नाही. लांब कुठं गाडी पुलावरून गेल्यासारखं वाटलं, आणि ओढ्यापलीकडून बघितलं तर तिथं जोतं नव्हतं. काळू आणि म्हातारा आत होते. बायडी लाकडाची मोळी घेऊन कुसगावला गेली होती, म्हणून राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा मारुती आणि वाडीतली माणसं खणत होती. कासमभाईंनी टेप खाली ठेवला, टोपी झाडाला लावली आणि त्या वयात कुदळ घेतली. मी पण घेतली. चिखल असा की काढलेला पुन्हा भरून यायचा. म्हातारा दुपारी सापडला. काळू त्याच्यावर ओणवा होता. त्याला उचलायचं म्हणून त्यानं हात घातले असणार. बायडी मोळी डोक्यावरून न उतरवता उभी होती. बायकांनी ती उतरवली तेव्हा तिची मान तशीच ताठ राहिली.

मामलेदार दुसऱ्या दिवशी आले. चिखलातून चालत, छत्री उलटी झालेली. दरडीत माणसं गेल्यावर मागे राहिलेल्याला मदत आणि घर द्यायची सोय होती. पण नेहमीच्या शांत आवाजात त्यांनीच त्यातलं एक कलमही सांगितलं: जी जागा पाहणीत नाकारलेली आहे, तिथं राहणाऱ्याला काही मिळत नाही. आणि ती जागा नाकारणारा मी, तिथं उभा. मी शहाणपणानं केलेली एकुलती एक गोष्ट त्या बाईच्या आड आली होती.

त्यांनी बायडीला विचारलं. ती ढिगाऱ्याकडेच बघत होती. मग त्यांनी ठकूमावशीला बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष विचारलं, "ही माणसं राहत कुठं होती?"

मावशी खोटं बोलत नसे. नव्या घराच्या वेळी चुकून एक कौल जास्त आलं, तर ते सांगायला पावसातून तासभर चालत आलेली ती बाई.

मावशी म्हणाली, "माज्यापाशी. माज्या घरात."

"मग इकडे कशी आली?"

"दिवा लावाया गेलती. मीच धाडलं. मीच."

मामलेदार ढिगाऱ्याकडे बघत म्हणाले, "दरड तर सकाळी आली. सकाळी दिवा?"

"पावसात दिस कुटं कळतुया, सायेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती माणसं कुठं राहतात हे त्यांना माझ्याच तोंडून कळलेलं होतं, त्यांच्याच टेबलासमोर. मला वाटलं, आता एखादी अशी गोष्ट रचून सांगावी की या माणसाला पुढचं काही विचारायला जागा उरू नये. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं मी? तोंड उघडलं, आणि एवढंच निघालं, "व्हय, साहेब."

कासमभाई खाली बघत टेप गुंडाळत होते. पाऊस थांबायचं नाव नव्हता घेत. मामलेदारांनी भिजलेला चष्मा काढला, भिजलेल्या रुमालानं पुसला, तो आणखीच धुरकटला. तसाच डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "हो. काल अंधार फारच होता."